गावगाडा कोण ओढतो?

जयपूरच्या शास्त्री नगरात राहणाऱ्या बहुतेक घरांतली मुलं एकदा तरी तिथल्या विज्ञान केंद्रात जाऊन आलेली असतात. यंत्र कसं चालतं, आरशात प्रतिमा कशी दिसते, हे तिथे बघून कळतं. समाज कसा चालतो हे दाखवणारं असं केंद्र मात्र कुठे नसतं. म्हणून घरातल्या कोणी अकरावीला समाजशास्त्र घेतलं की आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात, "त्यात शिकण्यासारखं काय आहे? समाज तर आपण रोज बघतोच!"

बघतो, हे खरं. पण बघताना आपण प्रश्न विचारतो का?

वाचकहो, शास्त्री नगरातून निघून जुन्या तटबंदीच्या आत या. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या शहरात आजही 'ठठेरों का रास्ता' आहे, 'मनिहारों का रास्ता' आहे. एका गल्लीत भांडी घडवणारे, दुसरीत लाखेच्या बांगड्या करणारे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवीन वाटणार नाही. आता साधा प्रश्न विचारा: एका धंद्याची माणसं एकाच गल्लीत का राहिली?

"सोयीसाठी," असं तुम्ही म्हणाल. कच्चा माल एका जागी येतो, गिऱ्हाइकाला शोधावं लागत नाही, मुलगा बापाकडे बघत काम शिकतो. तुमच्याच घरातला दुसरा कोणी म्हणेल, "सोय खरी, पण त्या मुलाला दुसरं काही करायचं असेल तर?" तिसरा विचारेल, "त्या गल्लीत राहतो म्हटल्यावर लोक त्याच्याशी कसं बोलत असतील?" एका वाक्याचंही पुस्तक न वाचता तुमच्या घरात समाजशास्त्राचे तीन मुख्य दृष्टिकोन मांडून झाले. आज त्यांचीच नीट ओळख करून घेऊ.

विषय आपल्या घरचाच

समाजाच्या शास्त्रीय अभ्यासाला 'सोशिऑलॉजी' हे नाव फ्रान्सच्या ऑगस्ट कॉम्त यांनी १८३८ च्या सुमारास दिलं. आपल्या देशात या विषयाचा स्वतंत्र विभाग मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये सुरू झाला. पहिले प्रमुख होते स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. १९२४ मध्ये ती जबाबदारी मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास आणि अ. र. देसाई हे त्यांचेच विद्यार्थी. इरावतीबाईंनी नातेसंबंधांचा अभ्यास केला, श्रीनिवास खेड्यात जाऊन राहिले, तर देसाईंनी मार्क्सच्या विचारातून भारताकडे पाहिलं. गुरू एकच, पण शिष्यांचे प्रश्न वेगवेगळे.

सिद्धांत हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. समाजशास्त्रात सिद्धांत म्हणजे आधी एक प्रश्न असतो, चिकाटीने विचारलेला. कोणता प्रश्न विचारायचा, यावर आपल्याला काय दिसणार ते ठरतं. हे समजून घ्यायला आपल्या महाराष्ट्राच्या जुन्या खेड्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

पहिला प्रश्न: हे सगळं चालतं कसं?

१९१५ मध्ये 'गावगाडा' नावाचं एक मराठी पुस्तक निघालं. लेखक त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते. खेड्यांत फिरून, लोकांशी बोलून त्यांनी गावाचा कारभार बारकाईने टिपला. कुणबी शेत पिकवतो. सुतार त्याचं औत दुरुस्त करतो, लोहार फाळ शेवटून देतो, कुंभार मडकी देतो, चांभार मोट शिवतो, न्हावी हजामत करतो, परीट कपडे धुतो. महार गावाची राखण करतो, सीमा दाखवतो, सरकारी निरोप पोचवतो. रोजच्या रोज पैसे कोणी कोणाला देत नाही. सुगी झाली की खळ्यावर धान्याच्या राशीतून प्रत्येकाला त्याचा वाटा मिळतो. तो वाटा म्हणजे बलुतं, आणि तो घेणारा बलुतेदार. उत्तर भारतात अशाच व्यवस्थेला जजमानी म्हणतात. अमेरिकन मिशनरी विल्यम वायझर यांनी उत्तर प्रदेशातल्या एका गावात राहून तिच्यावर लिहिलेलं पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं.

गाव म्हणजे एक गाडा, प्रत्येक माणूस त्याचा एक भाग, आणि प्रत्येक भागाचं काही काम. या पद्धतीने बघण्याला कार्यवादी दृष्टिकोन म्हणतात. फ्रान्सच्या एमिल दुरखीम यांनी १८९३ मध्ये श्रमविभागणीवर ग्रंथ लिहिला. त्यांचं सांगणं असं, की कामं वाटली गेली म्हणजे माणसं एकमेकांवर अवलंबून राहतात आणि त्या अवलंबून राहण्यातूनच समाज बांधला जातो. तुमच्या पोळीमागे शेतकरी, गिरणीवाला, गॅस आणून देणारा, दुकानदार असे किती हात आहेत ते मोजा, म्हणजे दुरखीम काय म्हणतात ते कळेल.

या प्रश्नाचा मोठा उपयोग आहे. एखादी रीत वरून विचित्र दिसली तरी ती का टिकली, हे त्याने कळतं. बलुतेदाराला दुष्काळ सोडला तर वर्षाच्या धान्याची थोडीफार हमी होती आणि कुणब्याला ऐन पेरणीत सुतार शोधत फिरावं लागत नव्हतं. आत्र्यांनी हा गाडा कुठे करकरतो तेही लिहिलं. कुणब्यावर किती जणांचा भार पडतो, हा त्यांच्या काळजीचा विषय होता.

पण नुसतं 'चालतं कसं' एवढंच विचारत राहिलं, की एक धोका असतो. जे चालू आहे ते सगळ्यांच्या भल्याचंच आहे, असं वाटू लागतं. रॉबर्ट मर्टन हे स्वतः कार्यवादी परंपरेतले अमेरिकन अभ्यासक. त्यांनीच सावध केलं, की एखादी गोष्ट उपयोगाची आहे असं म्हणताना ती कोणाच्या उपयोगाची हे आधी सांगा.

दुसरा प्रश्न: गाड्यात बसलंय कोण, आणि ओढतंय कोण?

१८४८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी युरोपात मार्क्स आणि एंगल्स यांचा साम्यवादी जाहीरनामा प्रसिद्ध झाला. समाजाचा इतिहास हा वर्गांच्या झगड्याचा इतिहास आहे, असं त्यांनी मांडलं. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण ज्ञान, जमीन आणि सत्ता कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न जोतीरावांनीही आयुष्यभर विचारला. १८७३ मधलं 'गुलामगिरी' हे पुस्तक आणि त्याच वर्षी स्थापन झालेला सत्यशोधक समाज, दोन्ही त्याच प्रश्नातून आले. समाजाकडे असं बघण्याला संघर्षवादी दृष्टिकोन म्हणतात.

आता पुन्हा त्याच गावात या. महार हा बलुतेदार होता, शिवाय त्याला वतनाची थोडी जमीनही होती. आधीच्या प्रश्नातून बघितलं तर हिशेब बरोबर वाटतो: काम घेतलं, मोबदला दिला. पण काम किती तासांचं? त्याला तासच नव्हते. गावाने किंवा सरकारी माणसाने रात्री हाक मारली तरी जायचं. एक आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. मेलेलं ढोर ओढायचं. वतनाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा उरायचा. नकार द्यायची मुभा नाही, कारण नकार दिला तर बलुतं बंद.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात यासाठी विधेयक मांडलं. १८७४ च्या वतन कायद्यात बदल करून महारांना या बांधिलकीतून मोकळं करावं, अशी त्यांची मागणी होती. ते मंजूर झालं नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी त्यांनी एक भाषण तयार केलं. परिषद रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते स्वतःच छापलं. त्यात दुरखीमच्या मुद्द्यालाच छेद देणारी एक गोष्ट आहे. जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही एकावर एक पायऱ्या रचून केलेली. सुतारकी आणि सुतार यांत फरक आहे. काम वाटून घेणं वेगळं, आणि जन्मताच माणूस एका कामाला बांधून टाकणं वेगळं.

ही वतनं शेवटी कायद्याने रद्द झाली ती १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. आणि १९७८ मध्ये दया पवार यांचं आत्मकथन आलं, त्याचं नाव 'बलुतं'. १९१५ च्या आत्र्यांच्या पुस्तकातला एक शब्द, त्रेसष्ट वर्षांनी, ज्यांनी ते बलुतं मागितलं त्यांच्या बाजूने लिहिला गेला. दोन्ही पुस्तकं घरात शेजारी शेजारी ठेवावीत अशी आहेत.

तिसरा प्रश्न: दोन माणसं समोरासमोर आली की काय होतं?

समाज नुसता कायद्यात आणि जमिनीच्या उताऱ्यात नसतो. तो तुमच्या-माझ्या बोलण्यात, बसण्यात, नजरेत रोज नव्याने तयार होतो. अमेरिकेत जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हा विचार मांडला आणि त्यांचे विद्यार्थी हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ मध्ये त्याला जे नाव दिलं, त्याला मराठीत प्रतीकात्मक आंतरक्रियावाद म्हणतात. नाव लांबलचक आहे, अर्थ सोपा आहे. शब्द, कपडे, हावभाव ही सगळी चिन्हं आहेत. त्यांतून आपण समोरच्याला त्याची जागा सांगत असतो, आणि स्वतः कोण आहोत हेही त्यातूनच शिकत असतो.

गावात महाराने वरच्या जातीच्या माणसाला 'जोहार' म्हणायचं, अशी रीत होती. पाटलाचं पोर म्हाताऱ्या बलुतेदाराला अरे-तुरे करायचं आणि म्हातारा त्या पोराला 'मालक' म्हणायचा. त्या एका हाकेत सगळा गावगाडा असायचा. पुढे आंबेडकरी चळवळीत 'जोहार' गेला आणि 'जय भीम' आला, तेव्हा नुसता नमस्काराचा शब्द बदलला नाही. खाली बघून बोलणारा माणूस समोर बघून बोलू लागला.

महाडची गोष्ट तर या तिन्ही प्रश्नांची एकत्र शाळा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळाला. तरी कोणी तळ्यावर जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. ती ओंजळ तहानेसाठी नव्हती. ठरावाने जे झालं नाही ते त्या कृतीने लोकांसमोर आणलं, आणि परतणाऱ्यांवर त्या दिवशी हल्लेही झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडं नेसण्याची आणि दागिन्यांची जी पद्धत तुमची जात लांबून ओळखू देते ती सोडा, असं त्यांनी सांगितलं. कपड्याचा काठ कुठवर यावा ही बाब वरवर किती किरकोळ! पण ज्यांना त्या काठावरून ओळखून बाजूला सारलं जात होतं, त्यांना तिचं मोल ठाऊक होतं.

चौथा प्रश्न, जो बराच काळ राहून गेला

तीन प्रश्न विचारून झाले, तरी गावातल्या अर्ध्या माणसांविषयी आपण जवळजवळ काहीच बोललो नाही. सुताराची बायको, कुणब्याची लेक, महाराची सून. बलुतं पुरुषाच्या नावाने मिळायचं, पण शेण कोण काढायचं, पाणी कोण आणायचं, दळण कोण दळायचं? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून, बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, असं रोखठोक विचारलं. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तरुण आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या नियमामुळे. तो नियम टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा वापरल्या गेल्या. म्हणजे जातीच्या कुंपणाचा भार बाईच्या आयुष्यावर पडला. याला आज आपण स्त्रीवादी दृष्टिकोन म्हणतो.

आता आपला घरगाडा

जुन्या गावाबद्दल वाचून हळहळणं सोपं आहे. अवघड आहे ते आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून हेच प्रश्न विचारणं. मग ते घर शास्त्री नगरात असो, सांगलीत असो, नाहीतर सिंगापुरात.

चालतं कसं? सकाळी डबे भरले जातात, आजोबांच्या गोळ्या वेळेवर दिल्या जातात, कपडे धुऊन वाळत पडतात. कोणीतरी हे सगळं लक्षात ठेवलेलं असतं. ते कोणीतरी चार दिवस माहेरी गेलं की गाड्याचं चाक कोणतं होतं ते कळतं.

भार कोणावर? भारत सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. जे पुरुष घरकाम करत होते, ते ९७ मिनिटं. आणि मुळात ८१ टक्के स्त्रिया घरकाम करत होत्या, पुरुष मात्र २६ टक्के. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये जो धडा दिला तो इथे उपयोगी पडतो. एका घरातली बाई सतत दमलेली असेल, तर आपण तिची प्रकृती किंवा स्वभाव बघतो. देशभरच्या घरांत तेच चित्र असेल, तर प्रश्न स्वभावाचा उरत नाही, व्यवस्थेचा होतो.

समोरासमोर काय होतं? भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप कोणता आहे? तो इतर कपांबरोबर ठेवला जातो, की खिडकीत वेगळा? त्या चहा कुठे बसून पितात? तुमची मुलं त्यांना काय म्हणून हाक मारतात? 'आमच्याकडे जातपात नाही' असं म्हणणाऱ्या घरातही तो खिडकीतला कप पुष्कळ काही बोलून जातो. आणि मुलं आपलं भाषण ऐकत नाहीत, त्या कपाची जागा बघतात.

मग यातला खरा दृष्टिकोन कोणता? कोणताही एकटा पुरेसा नाही. नुसतं 'चालतं कसं' विचारलं तर अन्यायही व्यवस्थेच्या नावाखाली झाकला जातो. नुसतं 'भार कोणावर' विचारलं तर माणसं एकमेकांवर माया का करतात, कष्टाचं नातंही का जपतात, हे निसटतं. नुसतं 'समोरासमोर काय होतं' विचारलं तर मावशींना ताई-मावशी म्हणून, चांगल्या कपात चहा देऊन आपण खूश होतो, आणि त्यांना आठवड्याची सुट्टी आणि वेळच्या वेळी पगारवाढ द्यायची राहूनच जाते. कप बदलायला हवा आणि पगारही.

समाजशास्त्र कोणाच्या कपाळावर दोषाचा शिक्का मारायला शिकवत नाही. उलट, एका माणसाला दोष देण्यापूर्वी थांबायला शिकवतं. 'हा आळशी आहे', 'ती चिडकी आहे', 'ते लोक असेच असतात' ही वाक्यं तोंडात आली की हे चार प्रश्न विचारून बघा. पुष्कळदा वाक्य पुरं होण्याआधीच बदलतं.

या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी मिळून एक काम करा. एका कागदावर एका दिवसाची घरातली सगळी कामं लिहा. मुलांनाच लिहायला बसवा, त्यांच्या नजरेतून फारसं काही सुटत नाही. प्रत्येक कामापुढे तीन रकाने करा: कोण करतं, त्याचे पैसे किंवा आभार कोणाला मिळतात, आणि ते काम करणाऱ्याला नकार देता येतो का. तिसऱ्या रकान्यात ज्यांच्यापुढे सगळीकडे 'नाही' येईल, त्यांच्या वाटणीचं एक काम त्याच दिवशी दुसऱ्या कोणीतरी उचला. आणि कागद फेकू नका, फ्रिजवर लावून ठेवा. महिन्याभराने पुन्हा भरायचा आहे.